मॉमीची चढण

अमेरिका आणि कॅनडाच्या सीमाभागातल्या पाच महासरोवरांत ईरी सर्वांत उथळ. त्याचा पश्चिमेकडचा भाग तर सरासरी सातेक मीटर खोल. म्हणून हिवाळा सरताना बाकीच्या सरोवरांच्या आधी इथलं पाणी ऊब धरतं आणि वॉलआय नावाचा मासा नद्यांच्या तोंडाशी गोळा व्हायला लागतो. त्यातली मोठी नदी म्हणजे मॉमी. इंडियानातल्या फोर्ट वेन गावी दोन नद्यांच्या संगमातून ती निघते, सुमारे 220 किलोमीटर वाहते आणि ओहायोतल्या टोलीडो शहरापाशी सरोवराला मिळते. टोलीडोच्या थोडं वर मॉमी आणि पेरिसबर्ग ही दोन गावं समोरासमोरच्या काठांवर आहेत. सरोवराकडून येताना नदीचा खोल, संथ भाग इथे संपतो आणि चुनखडीच्या खडकावरून, गोट्यांवरून खळाळणारा उथळ भाग सुरू होतो. वॉलआय घरटं करत नाही, पिल्लं राखत नाही. मादी वाहत्या पाण्यात गोट्यांवर अंडी सोडते, बाजूचे नर त्यांवर वीर्य सोडतात, अंडी दगडांच्या फटींत बसतात आणि दोन-तीन आठवड्यांत फुटतात. पुढे ती इवलीशी पिल्लं प्रवाहाबरोबर सरोवरात जातात. एवढ्यासाठी हा मासा दर वर्षी नदी चढतो आणि त्याला गाठायला अमेरिकेच्या निरनिराळ्या राज्यांतून माणसं येतात.

कोकणातल्या माणसाला हे नवीन नाही. मृगाच्या पहिल्या पावसात व्हाळांतून, शेतांच्या बांधांवरून चढणीचे मासे वर येतात, हे बघतच मी चिपळूणच्या बाजूला वाढले. म्हणून मिशिगनमधल्या अॅन आर्बरला राहणारा माझा मावसभाऊ फोनवर म्हणाला, "ताई, एप्रिलच्या सुरुवातीला ये. आमच्याकडचे चढणीचे मासे दाखवतो," तेव्हा बाकीचा अमेरिका दौरा मी त्या आठवड्याभोवती बसवला.

अॅन आर्बरहून दक्षिणेला तासाभराचा रस्ता. पहाटे अंधारातच निघालो. गाडीत भाऊ हवामानाबद्दल बोलत नव्हता, नदीबद्दल बोलत होता. वॉटरव्हिल गावाजवळ सरकारी मोजयंत्र आहे. नदीची पातळी आणि प्रवाह तिथून सतत कळतो आणि इथला प्रत्येक मासेमार झोपण्याआधी तो आकडा बघतो. पाऊस पडला की दोन दिवसांत नदी गढूळ होऊन फुगते, हे सरळ आहे. पण वाराही इथे पाणी हलवतो. ईशान्येचा वारा सरोवराचं पाणी नदीच्या तोंडात कोंबतो आणि खालच्या अंगाला पातळी वाढते. नैर्ऋत्येचा जोराचा वारा सुटला की तेच पाणी ओसरतं आणि काल कंबरभर असलेली जागा आज गुडघाभर होते. पाण्याचं तापमान 42 ते 50 अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण साडेपाच ते दहा अंश सेल्सिअसच्या दरम्यान आलं की अंडी घालण्याला जोर येतो. नर आधी येतात आणि शेवटपर्यंत थांबतात. माद्या उशिरा येतात, मोकळ्या होतात आणि लगेच सरोवराकडे परततात.

मॉमी गावात गळ आणि आमिषांच्या दुकानात पहाटेपासून गर्दी होती. भिंतभर प्लास्टिकच्या शेपट्या टांगलेल्या. तीन इंच लांबीची मऊ, वळणदार शेपटी. पाण्यात ओढली की टोक वळवळतं. पोपटी, नारिंगी, गुलाबी, जांभळा, पारदर्शकावर चमकी असे शेकडो प्रकार. आज कुठला रंग चालतोय, यावर काउंटरपाशी गंभीर चर्चा चालली होती. या चर्चेत तथ्य आहे. वॉलआयच्या डोळ्याला हिरव्याच्या आणि नारिंगी-लालच्या आसपासचे रंग चांगले दिसतात, म्हणून गढूळ पाण्यात पोपटी आणि नारिंगी, निवळ पाण्यात जरा फिके रंग असा इथला साधारण हिशेब. पण दिवसभर नदीत उभं राहिल्यावर माझं मत ठाम झालं की रंगाला इथे वाजवीपेक्षा जास्त मान मिळतो. खरी विद्या शिशात आहे.

ती मांडणी सांगते, कारण वसंतातली सारी मासेमारी तिच्यावर उभी आहे. रिळावरच्या मुख्य तंगुसात आधी भोक असलेली शिशाची गोळी ओवतात. ती तंगुसावर मोकळी सरकते. तिच्याखाली एक मणी आणि मग फिरती कडी. कडीच्या दुसऱ्या टोकाला दीड ते तीन फुटांचा, जरा बारीक तंगुसाचा तुकडा. त्याच्या टोकाला एकच गळ, आणि गळाच्या डोक्याला तरंगणारा, रंगवलेला हलका गोळा. त्या गळात शेपटी खुपसायची. पाण्यात टाकल्यावर शिसं तळाला जातं आणि आमिष मात्र तळापासून वीतभर वर तरंगत राहतं. वॉलआय प्रवाहात तळाशी चिकटून, डोकं वरच्या दिशेला करून उभा असतो. आमिष त्याच्या तोंडासमोरून, प्रवाहाच्या गतीने जायला हवं. अंडी घालण्याच्या दिवसांत त्याची भूक मंदावलेली असते, तो आमिषाचा पाठलाग करत नाही. समोर आलं तर तोंड उघडतो, एवढंच.

म्हणून शिशाचं वजन. जड झालं तर ते दगडात बसतं आणि तुटतं. हलकं झालं तर सगळं माशांच्या डोक्यावरून वाहून जातं. नेमकं असलं तर शिसं तळावर टप्पे घेत जातं आणि काठीतून हाताला ते कळतं: टक, टक, मग जरा मोकळं, पुन्हा टक. पाव औंस, अर्धा औंस, पाऊण औंस अशा गोळ्यांचे डबे प्रत्येकाच्या खिशात असतात. दोन पावलं खोल सरकलं की प्रवाह बदलतो, प्रवाह बदलला की गोळी बदलते.

नदीतल्या बेटाकडे जायला आम्ही साइड कट उद्यानाच्या बाजूने उतरलो. एकोणिसाव्या शतकातल्या कालव्याचे दगडी लॉक तिथे अजून उभे आहेत. पलीकडच्या काठावर, जरा खाली, फोर्ट मेग्ज आहे. 1813 मध्ये ब्रिटिश सैन्याने आणि टेकुम्सेच्या नेतृत्वाखालच्या मूळनिवासी योद्ध्यांनी त्याला वेढा घातला होता. त्या लाकडी किल्ल्याच्या टेकडीखाली आता छातीपर्यंतचे रबरी वेडर्स घातलेल्या माणसांची रांग पाण्यात उभी होती. खांद्याला खांदा म्हणावं इतकी जवळजवळ, पण कुणाचा तंगूस कुणात अडकत नव्हता. कारण सगळे एकाच लयीत टाकतात. जरा वरच्या अंगाला तिरकं फेकायचं, शिसं तळाला टेकू द्यायचं, प्रवाहाबरोबर काठीचं टोक फिरवत न्यायचं, खालच्या अंगाला दोर ताठ झाला की गुंडाळायचं. वरच्याने टाकलं की मग खालच्याने.

"ताई, वेडर्सचा पट्टा आवळ," भाऊ म्हणाला. "पडलीस तर आत पाणी भरतं. आणि पाय उचलून टाकू नकोस, सरकव." पाणी सहा-सात अंशांचं. वेडर्सच्या आत दोन जाड विजारी असूनही पायांना पहिल्या पाच मिनिटांत त्याची दखल घ्यावी लागली. काठीच्या टोकाकडच्या कड्यांत बर्फाचे बारीक खडे धरत होते आणि ते बोटांनी मोडावे लागत होते.

माझ्या उजव्या हाताला टोलीडोच्या जीप कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ उभे होते. तरुणपणापासून ते दर वसंतात इथे येतात. माझी काठी बघत ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी आपल्या खिशातली एक गोळी माझ्या तळव्यावर ठेवली. "ही लावा. तुमचं शिसं सरकत नाहीये, झोपलंय." ती माझ्या गोळीपेक्षा हलकी होती. ती लावल्यावर तळ एकदम बोलायला लागला. गोटे कुठे आहेत, सपाट खडक कुठे आहे, मधला खड्डा कुठे आहे, सगळं बोटांत कळू लागलं. "मासा ओढेल म्हणून वाट बघू नका," ते म्हणाले. "टक टक थांबली की काठी उचला."

आणि तसंच झालं. तीन टक आल्या आणि चौथी आलीच नाही. दोर जड झाला, ओल्या फडक्यात अडकल्यासारखा. मी काठी उचलली आणि खालून कुणीतरी डोकं झाडलं. वॉलआय उड्या मारत नाही, लांब धावतही नाही. तो तळाशी राहून डोकं झाडतो, जोरात, पुन्हा पुन्हा, आणि ते झाडणं कोपरापर्यंत येतं. शेजारच्यांनी आपले दोर गुंडाळून वाट दिली. भावाने जाळी खाली घातली.

हातात धरलेला वॉलआय बघावा असाच आहे. पाठ गडद हिरवी-तपकिरी, बाजू पितळी सोनेरी, पोट पांढरं, शेपटीच्या खालच्या टोकाला पांढरा ठिपका. पाठीवरचा पहिला पर काटेरी, उभारला की बोटांत घुसतो. कल्ल्याची कड धारदार. तोंडात सुळे. आणि डोळा: मोठा, धुरकट काचेसारखा, आतून प्रकाश परतवणारा. त्याच्या बुबुळामागे मांजराच्या डोळ्यात असतो तसा चकाकता पडदा असतो, आत आलेला प्रकाश तो पुन्हा वापरतो. म्हणून गढूळ पाण्यात, पहाटे, संध्याकाळी आणि रात्री त्याला इतर माशांपेक्षा जास्त दिसतं. हा नर होता. धरताच पोटाखालून पांढरं वीर्य ठिबकू लागलं. इथले लोक या लहान नरांना जॅक म्हणतात आणि खायला घेतात ते बहुतेक तेच.

गळ वरच्या जबड्याच्या आत लागला होता. ते बघायला शेजारचे गृहस्थ वाकले आणि म्हणाले, "तुमचा आहे." या नदीचा मला सर्वांत आवडलेला कायदा हाच. चढणीच्या दिवसांत मासे एवढ्या दाटीने असतात की वाहता गळ कुणाच्या पाठीत, परात, पोटात सहज अडकतो. पण ओहायोच्या नियमानुसार गळ तोंडाच्या आत लागलेला असला तरच मासा तुमचा. बाहेर कुठेही लागला की तो तत्क्षणी सोडायचा, कितीही मोठा असो. मार्च-एप्रिलमध्ये या पट्ट्यात तीन तोंडांचा गळ चालत नाही, एकच गळ, तोही ठरावीक मापाच्या आत. मासेमारी फक्त सूर्योदय ते सूर्यास्त. मासा पंधरा इंचांपेक्षा लहान नको. दिवसाला ठरावीक संख्येहून जास्त नाही. वन्यजीव विभागाचे अधिकारी काठावर फिरतात, कमरेच्या दोरीला ओवलेले मासे मोजतात, पट्टी लावतात, परवाना मागतात. आम्हालाही मागितला. वॉलआय बहुतेक अंडी रात्री घालतो, त्यामुळे सूर्यास्तानंतर नदी रिकामी झाली की माशांना ती पूर्ण मिळते.

या नियमाने कौशल्य कुठे नेऊन ठेवलं ते बघा. मासे समोर आहेत, दाटीने आहेत, पाय हलवला तर पोटरीला घासून जातात. तरीही भूक नसलेल्या माशाला तोंड उघडायला लावल्याखेरीज तो घेता येत नाही. म्हणून इथे तंगुसाची जाडी, शिशाचं वजन, आमिषाची तळापासूनची उंची यावर माणसं आयुष्य घालवतात. दिवसभरात अंगाला गळ लागलेले बरेच मासे मी सोडलेले पाहिले. एक बाई अंड्यांनी भरलेली मोठी मादी दोन्ही हातांवर धरून प्रवाहाकडे तोंड करून थांबली होती. मासा तोंडातच लागलेला, कायद्याने तिचा. तिने सोडला. मोठ्या मादीच्या पोटात लाखोंनी अंडी असतात आणि ते तिथल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं.

ही शिस्त आपसूक आलेली नाही. 1970 मध्ये ईरी आणि त्याला जोडलेल्या सेंट क्लेअर सरोवराच्या माशांत पारा सापडला आणि वॉलआयची व्यापारी मासेमारी थांबवावी लागली. त्याआधीच्या वर्षी क्लीव्हलंडची कायाहोगा नदी वरच्या तेलामुळे पेटली होती. ईरी मेलं असं वर्तमानपत्रं लिहीत होती. याच सरोवरात राहणारी वॉलआयची निळसर जात, ब्लू पाइक, पुन्हा दिसलीच नाही. 1983 मध्ये ती नामशेष झाल्याचं जाहीर झालं. मधल्या काळात, 1972 मध्ये, अमेरिकेचा स्वच्छ पाण्याचा कायदा आणि कॅनडाबरोबरचा महासरोवरांचा करार झाला, सांडपाणी आवरलं गेलं आणि वॉलआय परतला. आता ओहायो, मिशिगन, ऑन्टॅरिओ वगैरे सगळे मिळून दर वर्षी किती मासे काढायचे ते ठरवतात. 2003, 2015 आणि 2018 या वर्षांची पिल्लं विलक्षण मोठ्या संख्येने जगली. पण निश्चिंत व्हावं असंही काही नाही. मॉमीच्या खोऱ्यातल्या शेतांमधून फॉस्फरस वाहून येतो, उन्हाळ्यात सरोवरावर हिरवं शेवाळ माजतं, आणि ऑगस्ट 2014 मध्ये त्याच्या विषामुळे टोलीडो परिसरातल्या चार लाखांहून जास्त माणसांना तीन दिवस नळाचं पाणी पिता आलं नव्हतं. नदी अंडी देते आणि तीच नदी विषाचं खाद्यही वाहून नेते.

नदीनंतर सरोवराच्या काठच्या पोर्ट क्लिंटनहून होडीने सरोवरातल्या खडकाळ उथळांवर गेलो. सगळे वॉलआय नदी चढत नाहीत. बरेचसे या पाण्याखालच्या खडकांवरच अंडी घालतात. दूर किनाऱ्यावर डेव्हिस-बेसी अणुवीज केंद्राचा शीतन मनोरा दिसतो आणि होड्यांना तीच खूण. इथली पद्धत वेगळी, जास्त शांत. होडी वाऱ्याबरोबर वाहू द्यायची आणि दोर सरळ खाली सोडायचा. आमिष म्हणजे शिशाच्या डोक्याला बांधलेला जांभळ्या केसांचा झुपका, किंवा थरथरणारं पितळी-चंदेरी पातं. ते तळाला टेकवायचं, अर्धी वीत उचलायचं आणि पुन्हा दोर ताठ ठेवून खाली न्यायचं. मासा लागतो तो खाली जाताना. थंड पाण्यात हात जेवढा कमी हलेल तेवढं चांगलं, हे होडीचा कप्तान प्रत्येक नवख्याला सांगत होता आणि ते खरं होतं. रात्री सरोवराच्या किनाऱ्यावरून टाकणारे लाकडी-प्लास्टिकचे माशाच्या आकाराचे आमिष वापरतात, अगदी सावकाश ओढतात, मध्ये मध्ये थांबतात. डेट्रॉइट नदीत अजून हातदोराने मासे धरणारे आहेत. होडीत लावलेल्या स्प्रिंगच्या रिळावर तार, टोकाला जवळजवळ अर्ध्या किलोचं शिसं आणि त्याच्यामागे दोन-तीन आमिषं. काठी नाहीच, तळ तळहाताला कळतो. ते बघायला मात्र मला वेळ मिळाला नाही.

वॉलआयचं मांस पांढरं, घट्ट, काटे कमी, वास जवळजवळ नाही. तिथे पिठात घोळवून तळतात आणि उपासाच्या काळातल्या शुक्रवारी गावोगावच्या चर्चमध्ये अशी तळलेल्या माशांची पंगत असते. आम्ही आमच्या पद्धतीने हळद, तिखट, मीठ, आगळ लावून तांदळाच्या पिठात आणि रव्यात घोळवून तव्यावर लावले. गोड्या पाण्यातल्या माशांना मी सहसा नाक मुरडते. या माशाला मुरडणार नाही. भाऊ मात्र म्हणाला की आमटीत तो सुरमईपुढे टिकत नाही, आणि ते मलाही मान्य आहे.

कुणाला जायचं असेल तर मार्चचा शेवटचा आठवडा ते एप्रिलचा मध्य हा काळ धरा. त्यानंतर मे महिन्यात याच नदीत व्हाइट बास चढतो, पण ती वेगळी मजा. ओहायोचा परवाना बाहेरच्यांना थोड्या दिवसांसाठीही मिळतो आणि तो खिशात हवाच. वेडर्सचा पट्टा, हातात टेकायला काठी, पाण्याची चमक कापणारा चष्मा घ्या. बेटावर गेलात तर वरच्या अंगाला पाऊस झालाय का ते आधी बघा, कारण पाणी वाढलं की परतीची वाट बुडते. शेपट्यांचे रंग दोन-तीन पुरेत, शिशाच्या गोळ्या मात्र सगळ्या वजनांच्या ठेवा.

आणि कोकणातल्या माझ्या माणसांसाठी एक विनंती. मृगात व्हाळावर जाल तेव्हा बांबूचा सापळा किंवा जाळं अख्खा प्रवाह अडवून लावू नका, एका बाजूची वाट मोकळी सोडा. गाभोळीने फुगलेली मोठी मादी हाती आली तर ती वर जाऊ द्या. आपल्याकडे हे बघायला कुणी अधिकारी येणार नाही, तेव्हा हा नियम गावानेच करायला हवा, आणि येत्या पावसाआधी करायला हवा.